घरी गेले का?

रक्त तपासणाऱ्या सरांनी मला फसवलं. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो, कारण पुढं वाचताना तुम्हाला उलटंच वाटायला लागेल. माझ्यासारख्याला फसवणं सोपं नाही. होटगी जंक्शनवर दुय्यम मालाचे टॉवेल खांद्यावर टाकून विकत विकत मी आज चार गाळ्यांपर्यंत आलोय, आणि या वाटेवर मला टोपी घातलेला माणूस शोधून सापडायचा नाही. सरांनी मात्र चार वर्षं फसवलं, आणि मला ते कळायच्या आत निघून गेले. भांडायला समोर माणूस उरला नाही की कागद काढावा लागतो, म्हणून हे लिहितोय.

त्यांची लॅब साखर पेठेच्या मागच्या एका बोळात होती. दोन्ही बाजूंना यंत्रमाग. आत शिरलं की तो आवाज कानाला नंतर ऐकू यायचा, छातीला आधी. लॅबमध्ये एक बाक, एक टेबल, मागं मशीन आणि फ्रीज. भिंतीवर सरांनी स्वतःच्या हातानं लाल रंगात लिहिलेली पाटी होती: 'भाव करू नये. रक्त करत नाही.' शेवटची अक्षरं जागा संपल्यामुळं खाली उतरली होती. वीस वर्षांत त्यांनी ती पाटी नीट करून घेतली नाही.

पदवीनं ते डॉक्टर होते, पण तसं म्हटलेलं चालायचं नाही. "डॉक्टर माणूस बघतो, मी नळी बघतो," म्हणायचे. "मला सर म्हणा, नाहीतर काहीच म्हणू नका." टेबलावर बसणाऱ्या पद्माबाईंशी ते तेलुगूत बोलायचे, अक्कलकोटकडच्या पेशंटशी कानडीत, रिक्षावाल्यांशी दखनीत. माझ्याशी मराठीत. मराठी त्यांनी 'नाही' म्हणायला राखून ठेवली असावी, असं मला वाटायचं.

नमस्कार त्यांना माहीत नव्हता. माणूस भेटला की हात पुढं करून त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढायची आणि आतला रंग बघायचा. एका लग्नात त्यांनी नवऱ्या मुलाच्या मामाची पापणी ओढली आणि भर पंगतीत सांगितलं, "हिमोग्लोबिन दहा." मामा दुसऱ्या दिवशी भांडायला लॅबवर आले आणि रक्त देऊन गेले. दहाला थोडं कमीच भरलं. त्यावर सरांना आनंद झाला नाही. ते म्हणाले, "मांडवात उजेड पिवळा होता, त्यानं चुकलो."

माझी त्यांची पहिली गाठ साखरेच्या तपासणीवरून पडली. मी सवयीनं विचारलं, "किती कमी करता?"

"पाटी वाचता येते ना?"

"पाट्या सगळीकडं असतात की, सर. पहिला भाव म्हणजे नुसता रामराम. खरं बोलणं त्याच्यानंतर सुरू होतं."

सरांनी मशीनवरची नजर काढली नाही. "परवडत नसेल तर फुकट करतो. पण कमी करणार नाही. फुकट घ्या, नाहीतर पूर्ण द्या. मधलं मला जमत नाही."

पद्माबाई तोंडाला पदर लावून हसल्या. बाकावरच्या दोन बायकाही हसल्या. मी पैसे टेबलावर आपटून म्हणालो, "फुकट घ्यायला मी भिकारी नाही." सरांनी पावती दिली. चार लोकांसमोर मी हरून बाहेर पडलो. बाजारात मी हजार सौदे केले असतील, त्यातला हा एकच अजून बोचतो.

तरीही मी त्यांच्याकडंच जात राहिलो. कारण ते कुठल्याही डॉक्टरला पाकीट पोचवायचे नाहीत, आणि त्यांचा आकडा म्हणजे आकडा. दुसऱ्या लॅबवाल्यांशी घासाघीस करता यायची, पण रिपोर्ट हातात आला की मन म्हणायचं, एकदा सरांना दाखवावा.

त्यांच्या दोन खोडी सांगतो, त्यांच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. एक अशी की सांगितलेल्या तपासण्या करून नळीत रक्त उरलं आणि त्यांच्या मनात शंका आली, तर न सांगितलेली तपासणीही ते करायचे. तिचे पैसे घ्यायचे नाहीत. ती छापील रिपोर्टवर लिहायचे नाहीत. कानावरची पेन्सिल काढून वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचे. "छापलेलं डॉक्टरांनी मागितलेलं," म्हणायचे, "पेन्सिलीचं माझं."

दुसरी खोड फोनची. आजारी माणसाची उरलेली नळी ते आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवायचे आणि टाकून द्यायच्या आधी घरच्यांना फोन करायचे, "घरी गेले का?" माझ्या बायकोला ताप आला होता तेव्हा मलाही हा फोन आला.

"घरीच आहे ती," मी म्हणालो. "काय विकायचंय?"

"काही नाही. नळी टाकायची होती," म्हणाले आणि ठेवला. मला तो नवीन तऱ्हेचा धंदा वाटला. बिनकामाचा फोन कोण करतं? बाजारात तरी कुणी करत नाही.

आता दादाचं सांगतो.

दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. माझा पहिला टॉवेलचा गठ्ठा त्याच्या सायकलवरून होटगीला गेला होता. टेम्पोत माल चढवताना त्याचा पाय घसरला, नडगी मोडली, प्लास्टर घातलं. तीन आठवडे तो पलंगावर पडून होता. चौथ्या आठवड्यात एका सकाळी कुबडी घेऊन मोरीपर्यंत गेला आणि परत येताना दारातच बसला. वहिनीचा फोन आला, "भाऊजी, लवकर या. ह्यांना दम लागलाय, बोलवंना झालंय."

हॉस्पिटल लहान होतं. डॉक्टर तरुण, बोलायला चांगले. सीटी काढून झाल्यावर त्यांनी मला समजावलं, की पाय हलला नाही म्हणून त्यात रक्ताची गाठ धरली, ती सुटली आणि फुप्फुसात जाऊन अडकली. रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शन चालू केलंय. बीपी चांगलं आहे. त्यांनी तपासण्यांची यादी आणि रक्ताच्या नळ्या माझ्या हातात दिल्या. तिथं स्वतःची लॅब नव्हती. नळ्या नातेवाइकानं बाहेर घेऊन जायच्या, अशी पद्धत.

मी सरांकडं गेलो. त्यांनी यादी वाचली, पेन्सिल काढली आणि एका नावावर रेघ मारली.

"डी-डायमर नको."

"का?"

"गाठ असेल का नसेल, हा संशय फिटावा म्हणून ती करतात. तुमच्या भावाची गाठ सीटीत दिसली. आता तिचं काम नाही."

इथं माझं चुकलं, आणि चुकलं ते माझ्या हुशारीनं. विकणारा स्वतःहून एक नग कमी करतो तेव्हा त्याचा अर्थ एकच असतो, की अजून जागा आहे. हे मी फलाटावर शिकलो आणि त्याच्यावर चार गाळे उभे केले. सर खरं तेच बोलत होते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला त्यांचा पाय मागं सरकलेला दिसला.

"मग बाकीच्या तरी कशाला?" मी म्हणालो. "माल डोळ्यानं बघितल्यावर कुणी नमुना मागवतं का?"

"ट्रोपोनिन आणि बीएनपी वेगळ्या आहेत. त्या गाठ शोधत नाहीत. पुढं काय होईल ते सांगतात."

"म्हणजे ज्योतिष."

"तसंच समजा. फुप्फुसाची वाट अडली की हृदयाच्या उजव्या बाजूला जास्त जोर लावून रक्त ढकलावं लागतं. तो जोर झेपला नाही की ती दुखावते, आणि त्याच्या खुणा रक्तात उतरतात. माणूस वरून बरा दिसतो. बीपी बरं असतं. पण ह्या खुणा वाढलेल्या असल्या तर त्याला नजरेआड करायचं नाही, अंथरुणातून उठू द्यायचं नाही." मग बोळाकडं हात करून म्हणाले, "माझा बाप मागावर होता. सूत तुटायच्या आधी मागाचा आवाज बदलतो. कापड तेव्हा चांगलंच दिसत असतं. बाप पाठमोरा असला तरी उठून जायचा आणि माग थांबवायचा."

एवढं ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. मी ऐकलं, आणि मला वाटलं, गिऱ्हाईक हातचं जातंय म्हणून बोलतोय.

सरांकडं भाव कमी व्हायचा नाही, हे मला माहीत होतं. भाव कमी होत नसेल तर नग कमी करायचे, हा बाजाराचा दुसरा नियम. मी म्हणालो, "डॉक्टरांचा आत्ताच फोन आला होता. ह्या दोन नकोत म्हणाले."

सरांनी वर बघितलं. "स्वतः म्हणाले?"

"मी काय खोटं बोलतोय का?"

पैशाचा प्रश्न नव्हता. हे कुणाला सांगून पटत नाही, पण त्या दिवशी दादासाठी मी उभ्या उभ्या एक गाळा विकला असता. पण ती पाटी समोर होती, आणि पद्माबाई बसल्या होत्या, आणि मला एकदा तरी त्या लॅबमधून जिंकून बाहेर पडायचं होतं. सरांनी त्या दोन नावांवरही रेघ मारली. मी जिंकलो.

तासाभरानं छापील रिपोर्ट घेऊन मी परत आलो. डॉक्टरांनी चाळला आणि विचारलं, "यातल्या दोन कुठायत?" आता मीच काढून टाकल्या असं कसं सांगायचं? म्हणालो, "लॅबमध्ये त्याचं किट संपलंय म्हणे. उद्या करतो म्हणाले." डॉक्टरांनी दादाकडं बघितलं. नाकात ऑक्सिजनची नळी होती, पण चेहरा उतरलेला नव्हता. "बरं, बीपी चांगलं आहे. आज वॉर्डात ठेवू. उद्या सकाळी नक्की करून आणा."

दादाला खिडकीजवळची कॉट मिळाली. तो खूष होता. "लई बरं वाटतंय रे आता," म्हणाला. "तू जा की गाळ्यावर. गिऱ्हाईक खोळंबलं असंल." मग हळूच विचारलं, "त्या पाटीवाल्याकडनं काय कमी करून घेतलंस का न्हाय?"

"दोन नग."

"शाब्बास," दादा म्हणाला, आणि हसताना त्याला खोकला आला.

संध्याकाळी मी व्हरांड्यात एका पार्टीशी फोनवर बोलत होतो. मधेच दुसरा फोन यायला लागला. सरांचं नाव. कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदाही कापला. त्यांच्या 'घरी गेले का'ची आठवण झाली आणि डोकं फिरलं. सकाळी आणलेला माणूस संध्याकाळी घरी जातो होय?

थोड्या वेळानं वहिनी पाण्याची बाटली भरायला खाली गेली. दादा कुबडी घेऊन एकटाच उठला आणि संडासाच्या दारात कोसळला. डॉक्टर धावत आले. बराच वेळ झटले. मग थांबले.

वहिनी कॉटच्या पायाशी बसली होती. मी मान वर केली तर वॉर्डाच्या दारात सर उभे होते. एका हातात हेल्मेट, एका हातात कागदाची चिठ्ठी. स्कूटर जोरात चालवत आले असावेत, धाप लागली होती. मी जाऊन त्यांची कॉलर धरली.

"बिल मागायला आलास? माणूस थंड व्हायच्या आत?"

सगळा वॉर्ड बघायला लागला. सरांनी कॉटकडं बघितलं. मग वहिनीकडं, मग माझ्याकडं. तोंड उघडलं होतं, ते मिटलं. चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली.

"नाही," एवढंच म्हणाले आणि गेले. हेल्मेट घालायचंही विसरले, खिडकीतून मला दिसलं.

पुढची चार वर्षं मी ही गोष्ट गाळ्यावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. लॅबवाला माझ्या भावाच्या प्रेतापाशी बिल मागायला आला होता. लोक चुकचुकायचे. मला बरं वाटायचं. का बरं वाटतंय, हे मी स्वतःला विचारलं नाही. वहिनीही देवापुढं बसून त्या माणसाला शिव्याशाप द्यायची, आणि मी ऐकून घ्यायचो. लॅबची गर्दी कमी झाली. मोठ्या कंपन्यांची दुकानं आली होती हे खरं, पण पेठेतली जुनी माणसंही सरांकडं जायची थांबली, ती कशानं हे मला ठाऊक आहे.

एकदा भज्यांच्या गाडीवर ते शेजारी येऊन उभे राहिले. मी पाठ फिरवली. मागून आवाज आला, "साखर तपासून घ्या. रंग बरा दिसत नाही."

"तुमच्याकडं मरायला पण येणार नाही," मी म्हणालो. ते भजी न घेताच गेले.

दिवाळीनंतर सर वारले. महिन्याभरानं पद्माबाईंचा फोन आला. लॅब रिकामी करायची होती, फ्रीज विकायचा होता. "तुमच्या दादांची एक नळी हाय," म्हणाल्या. "मला टाकू वाटंना. येऊन जावा."

गेलो. मशीन गेलं होतं, पाटी होती. पद्माबाईंनी फ्रीजमधून नळी काढून दिली. आतलं रक्त काळं पडून तळाला बसलं होतं. नळीभोवती घडी केलेली चिठ्ठी, तिच्यावर रबर. पेन्सिलीचं अक्षर पुसट झालं होतं, पण लागत होतं.

'डॉक्टरांनी नको सांगितलं म्हणे. तरी केलं. ट्रोपोनिन वाढलेलं. बीएनपी फार वाढलेलं. हॉस्पिटलचा फोन लागेना. भावाला तीनदा फोन, कापला. स्वतः जातो.'

त्याखाली, नंतर लिहिलेलं: 'घरी गेले नाहीत.'

मी बाकावर बसलो आणि पद्माबाईंना विचारलं, "चार वर्षांत एकदा तरी सांगायचं ना."

"मी म्हटलं होतं सरांना. लोक तोंडाला यील ते बोलतात, चिठ्ठी दाखवा की. तर म्हणले, सांगायचं तर पूर्ण सांगावं लागंल पद्मा, नको कुणी म्हटलं ते पण. त्याची वहिनी तितं बसली हुती. मधलं मला जमत न्हाई."

म्हणजे माझं खोटं त्यांना कळलं होतं. हॉस्पिटलचा फोन लागला नाही, तरी कळलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी त्यांचा फोन मी 'घरी गेले का' ऐकायला नको म्हणून कापला नव्हता. त्यांनी डॉक्टरांना विचारलं असणार आणि आता मला पकडणार, ही भीती होती.

मी त्या तरुण डॉक्टरांनाही जाऊन भेटलो. तपासण्या झाल्या असत्या तर दादा वाचला असता का? ते म्हणाले, "ते कुणीच सांगू शकत नाही. पण त्यांना उठू दिलं नसतं." हे वाक्य मी घरी घेऊन आलो आणि तेव्हापासून ते उतरवून ठेवायला जागा सापडत नाही.

माझी तक्रार अशी आहे, सर. माझी चूक तुम्ही मला न विचारता स्वतःच्या नावावर चढवली, आणि मी ती फुकट वापरली. फुकट घेणार नाही, असं मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वॉर्डात सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारली असतीत आणि चिठ्ठी वाचून दाखवली असतीत, तर त्या दिवसापुरता मी मेलो असतो आणि दुसऱ्या दिवसापासून तुमच्याशी माणसासारखा वागलो असतो. चार वर्षं तुम्ही मला चुकीच्या माणसावर रागावू दिलंत. तुमची माफी मागायची सोय तुम्ही ठेवली नाहीत. हीच फसवणूक.

काल चिठ्ठी घेऊन वहिनीकडं गेलो. तिनं चष्मा लावून ती दोनदा वाचली. बोट एका शब्दावर ठेवलं.

"फोन कापला म्हणजे कुणी?"

"मी."

"आणि हे नको करायला डॉक्टर म्हणाले होते?"

"नाही."

तिनं चिठ्ठीची घडी पहिल्या घडीवरच घातली. आवाज चढवला नाही.

"चार वर्षं मी त्या माणसाला शिव्या घातल्या, भाऊजी. तुमच्या शब्दावर घातल्या. आता त्या मी परत कशा घेऊ, सांगा. आणि कुणाला घालू, ते पण तुमीच सांगा."